खोटं बोलणारी चकती

पेणमधल्या आमच्या नेहमीच्या फोटो स्टुडिओच्या काकांनी माझा नवा कॅमेरा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वरच्या चकत्या एकेक करून फिरवून बघितल्या. बाहेर जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळत होता. काकांनी अख्ख्या तालुक्यातल्या लग्नांचे फोटो काढलेत. माझ्या आईबाबांच्या लग्नाचा अल्बम त्यांचाच. त्यांनी शटरची चकती १२५ वर आणली, बटण दाबलं आणि कान देऊन ऐकलं.

"हा १२५ नाही," ते म्हणाले. "पंधरा-वीसच्या आसपास असेल."

मी मागच्या स्क्रीनवर बघितलं. १/१५.

"मग वर १२५ कशाला लिहिलंय?"

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. डावीकडे एक छोटी खिट्टी आहे, ती 'ए'वर असली की शटर कॅमेराच ठरवतो, मग चकतीवरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅमेरा परत माझ्या हातात दिला. "म्हणजे चकती शोभेची."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. हा लेख त्या वाक्याशी घातलेला वाद आहे, आणि थोडा स्वतःशीही. कारण जो कॅमेरा काकांनी एका मिनिटात नापास केला, तो मी हप्त्यांवर घेतला होता.

कॅमेरा आहे निकॉन झेडएफ. सप्टेंबर २०२३ मध्ये आला. २४.५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर, आणि बाहेरून १९८२ च्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यासारखा दिसणारा. काळं अंग, पितळेच्या चकत्या, कोरलेले आकडे. भारतात नुसत्या बॉडीची किंमत पावणेदोन लाखांच्या घरात होती, लेन्स वेगळी. रेट्रो दिसणारा हा काही एकटाच नाही. फुजीफिल्मने २०१० मध्ये एक्स१०० दाखवला तेव्हापासून ही लाट चालू आहे. ऑलिंपस, निकॉन, फुजी सगळ्यांनी आपापले आजोबा कपाटातून बाहेर काढले आणि त्यांच्या पोटात सेन्सर बसवला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या कॅमेऱ्यांत जे चांगलं आहे ते खरोखर चांगलं आहे, आणि त्याचा जुनेपणाशी संबंध नाही. जे वाईट आहे ते जुनेपणाच्या सोंगातून आलेलं आहे. आणि आपल्याला विकलं जातं ते सोंग.

आधी चांगलं सांगतो, कारण नुसत्या शिव्या घालायला मला हा लेख लिहायचा नाहीये.

आमच्याकडे पेणला, आणि हमरापूर-जोहे पट्ट्यात तर घरटी, गणपतीचे कारखाने आहेत. गणपतीचा हंगाम भाद्रपदात असतो हे मुंबई-पुण्याला वाटतं. आमच्याकडे वर्षभर कुठे ना कुठे साचा भरला जात असतो. माझ्या मामाचाही असाच एक छोटा कारखाना आहे. तिथे रंग लावायच्या आधीच्या मूर्ती फळ्यांवर रांगेत ठेवलेल्या असतात, पांढऱ्याफटक. एका फ्रेममध्ये दोनशे-अडीचशे पांढरे गणपती. आता कुठलाही कॅमेरा, फोनसुद्धा, समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. समोर सगळंच पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. पांढरे गणपती राखाडी येतात.

यावर उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक, अधिक दीड करायचं. फोनवर हे करायला स्क्रीनवर बोट ठेवा, सूर्याचं चिन्ह येईल, ते वर सरकवा, तोवर बोट घामाने घसरतं, आणि फोटो काढला की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. झेडएफवर उजव्या अंगठ्याखाली त्याची वेगळी चकती आहे. दोन-तीन खट्ट, झालं. कारखान्यातून बाहेर येईपर्यंत तिथेच राहते. कॅमेरा बंद असला तरी वरून बघितलं की कळतं ती कुठे आहे.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्या धंद्यात अर्ध्याहून जास्त डोकेदुखी एकाच गोष्टीची असते: या क्षणी सिस्टीम नेमक्या कुठल्या अवस्थेत आहे हे कळत नाही. मेन्यूच्या आत, त्याच्या आत, तिसऱ्या पानावर काहीतरी चालू राहिलेलं असतं. चकती हा त्यावरचा फार जुना आणि फार चांगला तोडगा आहे. अवस्था डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, वीज गेली तरी पुसली जात नाही. गॅसच्या शेगडीचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर, शिलाई मशीनवरची टाक्याची चकती ही सगळी त्याच घराण्यातली. त्यांना कोणी रेट्रो म्हणत नाही. त्या कामाच्या वस्तू आहेत.

झेडएफच्या बाजूने आणखीही बोलता येईल. शटर आणि आयएसओच्या चकत्यांना मध्ये कुलूप आहे, पिशवीत आपोआप फिरत नाहीत. अंधारात फोकस फार चांगला आहे. कारखान्यात एकच ट्यूब असते आणि तीही कोपऱ्यात, तिथे तो चाचपडत नाही. हात हलला तर सेन्सर आतल्या आत सावरून घेतो. कृष्णधवल फोटोंसाठी वेगळी खिट्टी आहे, ती सरकवली की व्ह्यूफाइंडरमधलं जगच कृष्णधवल होतं. मला वाटलं होतं हा नुसता नखरा असेल. पण रंगीबेरंगी कारखान्यात रंग डोळ्यांआड गेले की उजेड कुठून येतोय ते पहिल्यांदा दिसतं. शिकणाऱ्याला याचा खरा उपयोग आहे.

हे सगळं मान्य करून मी पुन्हा काकांच्या प्रश्नाशी येतो. मग वर १२५ कशाला लिहिलंय?

सॉफ्टवेअरमध्ये एक नियम आहे: एका गोष्टीचं सत्य एकाच ठिकाणी असावं. ग्राहकाचा पत्ता दोन टेबलांत ठेवलात की एक दिवस दोन वेगळे पत्ते सापडणार, हे ठरलेलं. झेडएफमध्ये शटरचं सत्य दोन ठिकाणी आहे. एक पितळेत कोरलेलं, एक चिपमध्ये. डावीकडची खिट्टी 'एम' किंवा 'एस'वर असेल तर पितळ खरं. 'ए' किंवा 'पी'वर असेल तर चिप खरी, आणि पितळ नुसतं तिथे बसून राहतं, १२५ म्हणत. 'ऑटो'वर गेलात तर आयएसओची चकतीही त्याच्या जोडीला बसते.

आणि हे टाळता येत नाही असंही नाही. फुजीचा एक्स-टी५ बघा, नोव्हेंबर २०२२ चा. त्यात मोडची वेगळी खिट्टीच नाही. शटरच्या चकतीवर आकड्यांबरोबर 'ए' कोरलेला आहे, आयएसओच्या चकतीवर आहे, लेन्सच्या रिंगवर आहे. कॅमेऱ्याने ठरवावं असं वाटत असेल तर ती चकती 'ए'वर न्यायची. म्हणजे चकतीवर जे लिहिलंय तेच चालू आहे. तिथेही पळवाटा आहेत, पण मूळ विचार सरळ आहे. एफएम२ चा चेहरा घेणाऱ्यांनी चेहऱ्यामागची शिस्त तेवढी घेतली नाही. एफएम२ मध्ये १२५ म्हणजे १२५च होते, कारण चकती थेट आतल्या यंत्राला जोडलेली होती. त्याला फोटो काढायला सेलही लागत नसे, सेल फक्त उजेड मोजण्यापुरता.

अ‍ॅपर्चरची गोष्ट आणखी गमतीची. एफएम२ वर अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवर असायचं, आकडे कोरलेले. काकांनी झेडएफ हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा डाव्या हाताने तीच रिंग शोधली. रिंग होती, फिरतही होती, पण तिच्यावर आकडे नव्हते आणि ती कुठे थांबतही नव्हती. निकॉनच्या आजच्या झेड लेन्सवरची रिंग मेन्यूत जाऊन ठरवाल ते काम करते. अ‍ॅपर्चर किती आहे ते बघायला कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चिमुकली खिडकी ठेवलीय. म्हणजे तीन आकड्यांपैकी दोन पितळेत आणि तिसरा, ज्याने फोटोतला मागचा भाग धूसर होतो किंवा स्पष्ट होतो, तो एका इवल्या डिस्प्लेवर. आकडे कोरलेल्या रिंगच्या लेन्स दुसऱ्या कंपन्या करतात. त्यांचे पैसे वेगळे.

आता १२५ या आकड्याचंच बघू. आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची. जुनी ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे तिच्यामुळे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फोटोत उजेडाचे पूर्ण झोके मावतात आणि उजेड एकसारखा येतो. १/६० किंवा १/१२५ ठेवलं तर कधी झोक्याचा वरचा भाग सापडतो, कधी खालचा. एक फोटो उजळ, पुढचा मंद, रंग थोडा पिवळट. आणि या सुंदर पितळी चकतीवर काय कोरलंय? ३०, ६०, १२५, २५०. मला हवे असलेले ५० आणि १०० तिच्यावर नाहीत. त्यासाठी चकती '१/३ स्टेप' अशा एका खुणेवर न्यायची आणि मग शटर मागच्या साध्या चाकाने बदलायचं, कुठल्याही साध्या कॅमेऱ्यासारखं. मेन्यूत फ्लिकर कमी करायची सोय आहे, ती चालतेही. पण मग मेन्यूतच जायचं असेल तर हे पितळ कोणासाठी? मजा म्हणजे आणखी मागे गेलात, १९५० च्या आधी, तर कितीतरी युरोपीय कॅमेऱ्यांवर २५, ५०, १०० असेच आकडे सापडतील. आमच्या कारखान्यासाठी रेट्रो पुरेसं रेट्रो नाही.

बाकीच्या तक्रारी भरभर सांगतो. कार्ड आणि बॅटरीसह वजन ७१० ग्रॅम, आणि पुढे धरायला उंचवटा जवळजवळ नाही, कारण एफएम२ लाही नव्हता. पण एफएम२ ची बॉडी साडेपाचशे ग्रॅमच्या आत होती आणि तिच्यावर छोट्या लेन्स लागायच्या. इथे मोठी लेन्स लावली की दोन तासांत मनगट बोलायला लागतं. मग वेगळी पकड विकत घ्या. दोन कार्डांची जागा आहे, पण दुसरं कार्ड फोनमध्ये घालतो तसलं मायक्रोएसडी, तेही बॅटरीच्या झाकणाआड. भर कामात नखाने ते काढून बघा. आणि आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर आमच्या घरात चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, तशी ती लेन्सच्या काचेवरही येते. हा दोष कुठल्याच कंपनीचा नाही. पण कोकणात लाखभराची काच घेणाऱ्याने हवाबंद डबा आणि सिलिका जेलचाही खर्च धरायला हवा, आणि जेल ओलं झालं की तव्यावर सुकवायचा कंटाळा नको. हे मी एकाही चकचकीत रिव्ह्यूत ऐकलेलं नाही.

कोणी म्हणेल, एवढं बारीकसारीक कशाला? हौसेला मोल नसतं. मला तो कॅमेरा बघून फोटो काढावासा वाटतो, तेवढं पुरे नाही का?

हा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही, म्हणून तो नीट घेतो. वस्तू हातात घ्यावीशी वाटणं ही खरीच गोष्ट आहे. बॅडमिंटनची रॅकेट आवडीची असेल तर माणूस कोर्टावर जातो. पण मी पहिल्या सहा महिन्यांचा हिशेब केला. फोनमध्ये कॅमेऱ्याचेच फोटो त्र्याण्णव. चहाच्या कपाजवळ ठेवलेला कॅमेरा, खिडकीत ठेवलेला कॅमेरा, दिवा-रोहा मेमूच्या खिडकीशी मांडीवर ठेवलेला कॅमेरा, मागे खाडी धूसर. कॅमेऱ्याने काढलेले आणि कोणाला तरी छापून द्यावेत असे फोटो अकरा. वस्तू मला फोटोकडे नेत नव्हती, स्वतःकडे नेत होती. तुमचा हिशेब वेगळा असेल तर मला आनंदच आहे. पण हिशेब करा.

आणि ही जी आठवण आपल्याला विकली जातेय, ती आहे कोणाची? मी नव्वदीच्या शेवटी जन्मलो. आमच्या घरात एफएम२ कधीच नव्हता. तो वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांकडे आणि मोठ्या स्टुडिओंकडे असायचा. पेण-रोह्याच्या मध्यमवर्गीय घरात असलाच कॅमेरा तर आजोबांच्या पिढीत आग्फाचा क्लिक थ्री, आईबाबांच्या पिढीत याशिकाचा प्लास्टिकचा एमएफ-२ किंवा तसलाच काही. त्यांना चकत्या जवळजवळ नव्हत्याच. ऊन असेल तर सूर्याच्या चित्रावर, ढग असतील तर ढगाच्या चित्रावर. रोल छत्तीसचा, तो गणपतीत घातला की दिवाळीपर्यंत पुरवायचा. धावीर महाराजांची पालखी बघायला रोह्याला गेलो की बाबा एकच फोटो काढायचे, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहायचो. माझी खरी आठवण ही आहे. तिच्यात पितळ कुठेच नाही, काटकसर आहे. कंपनी मला जी आठवण विकते ती टोकियोतल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या कोणा हौशी माणसाची आहे. ती मला इंस्टाग्रामवर मिळाली आणि मी ती स्वतःची म्हणून हप्त्यांवर घेतली.

पेणचा मुलगा आहे म्हणून एक गंमत सांगतोच. 'पेन' नावाचाही कॅमेरा आहे. ऑलिंपसचा पहिला पेन १९५९ मध्ये आला. योशिहिसा मायतानी नावाच्या तरुण इंजिनिअरने तो केला तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा होता, आजच्या माझ्याहून लहान. त्याला कॅमेरा ६,००० येनमध्ये विकता येईल असा हवा होता, साध्या नोकरदाराला परवडेल असा. म्हणून त्याने नेहमीच्या फ्रेमचे दोन भाग केले. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो. आकार खिशात मावेल एवढा, पेनासारखा जवळ बाळगावा म्हणून नावही पेन. पैसे मूळ काचेत घातले, बाकी सगळीकडे वाचवले. जुन्या कॅमेऱ्यांकडून काही घ्यायचंच असेल तर ते हे आहे: फोटो काढणं स्वस्त करायची धडपड. जानेवारी २०१६ मध्ये ऑलिंपसने त्याच घराण्याचं नाव आणि रूप देऊन डिजिटल पेन-एफ काढला. देखणा होता, पुढे रंगांची एक वेगळी चकती होती. किंमत मात्र १,२०० डॉलर, नुसत्या बॉडीची, आणि पाण्याला अडवणारं सीलिंग नाही. नाव राहिलं, चेहरा राहिला, साध्या नोकरदाराला परवडण्याची अट तेवढी गळून पडली.

असं का झालं त्याचं कारण आकड्यांत आहे. २०१० मध्ये जगभरात कंपन्यांनी १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले. २०२३ मध्ये ते ८० लाखांच्याही खाली आले. बाकीचे तुमच्या-माझ्या फोनने खाल्ले. स्वस्त कॅमेरा विकून आता कोणाचंच भागत नाही. म्हणून थोड्याच लोकांना महाग वस्तू विकायची, आणि महाग वस्तूला नुसतं काम पुरत नाही, तिला गोष्ट लागते. यात कंपन्यांना मी खलनायक म्हणत नाही, त्यांना पगार द्यायचे असतात. माझं भांडण आहे ते गोष्टीला ज्ञान म्हणून विकणाऱ्यांशी. 'हा कॅमेरा तुम्हाला थांबायला शिकवेल', 'हा तुम्हाला खरा फोटोग्राफर बनवेल', आणि खाली खरेदीची लिंक. थांबायला शिकवायचं असतं तर ऑटोची खिट्टी कशाला दिली असती?

आता मामाची गोष्ट. खरं तर तिच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

मामा डोळ्यांची आखणी करायचा. मूर्तीचं बाकी सगळं दहा हातांतून जातं. साचा, फिनिशिंग, स्प्रेने अंगाचा रंग, सोवळ्याचा रंग, दागिने. डोळे मात्र एकच माणूस करतो. मागच्या वर्षी हंगामाच्या शेवटी एका मोठ्या मूर्तीची आखणी राहिली होती. मामा स्टुलावर चढला, डावा हात मूर्तीच्या गालाला टेकवला, श्वास धरला आणि पापणीची रेघ ओढली. मी समोर होतो. चकती १२५ वर होती, मला दिसत होती, मी निर्धास्त होतो. खिट्टी सकाळी बाहेर अंगणात फोटो काढताना 'ए'वर गेलेली, तिथेच राहिली. कॅमेऱ्याने १/१५ घेतलं. सेन्सरने माझा हात सावरला, मूर्ती लख्ख आली. मामाचा हात म्हणजे एक तपकिरी धुकं.

चूक माझी. व्ह्यूफाइंडरमध्ये आकडा खरा दिसत होता, मी तिकडे बघितलं नाही. माहितीपुस्तकातही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण बघितलं का नाही? कारण माझ्या डोळ्यांसमोर पितळेत १२५ कोरलेलं होतं आणि कोरलेल्या गोष्टीवर माणूस विश्वास ठेवतो. म्हणून तर कोरायचं असतं.

दिवाळीनंतर मामाच्या हाताला कंप सुरू झाला. या वर्षी आखणी शेजारच्या कारखान्यातला एक जण येऊन करून जातो. मामा स्प्रेचं बघतो आणि बाहेर ऑर्डरींच्या वहीपाशी बसतो.

मामाचा आखणी करतानाचा एकच धड फोटो आहे, आणि तो माझ्या मामेभावाने काढलाय. त्याच दिवशी, माझ्या मागे उभं राहून, तेरा हजारांच्या फोनवर. थोडा गचपणाचा आहे, कडा कुरतडल्यासारख्या आहेत. पण हात आहे, कुंचला आहे, आणि मामाची जीभ थोडी बाहेर आलेली आहे, मन लावून काम करताना यायची तशी. फोनने आपणहून शटर वाढवलं, आयएसओ वाढवला, आणि कुठलाही आव न आणता फोटो काढला. आता तो फोटो मामाच्या घरात फ्रेम करून लावलाय. काकांनीच छापून दिला.

मे महिन्यात मामेभाऊ माझ्याकडे आला. "दादा, तुझ्यासारखा कॅमेरा घ्यायचाय. हप्ता बसतो म्हणतात. मला कारखान्याचं सगळं काम शूट करून ठेवायचंय, पप्पांचं जेवढं राहिलंय तेवढं." वर्षभर रंग मारून त्याने जे साठवलंय त्याच्यावर तो हे करणार होता. आणि मला कळलं की गेलं वर्षभर त्याला हे मीच शिकवलंय. एक शब्द न बोलता, चहाच्या कपाजवळ ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोंनी.

मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यातले कितीतरी जण याच उंबरठ्यावर उभे असतील.

आधी फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड उघड. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतो, नसला तर फुकटचं अ‍ॅप मिळतं. शटर १/१०० वर ठेव, आयएसओ हाताने बदल, पांढऱ्या मूर्तींसमोर उजेड मुद्दाम एक घर वाढव. तीन महिने रोज एक फोटो. त्यानंतर अडलंच, म्हणजे खरंच अंधारात फोटो फाटतोय, लांबचं येत नाही असं झालं, तर जुना डीएसएलआर आणि पन्नास एमएमची लेन्स घे. पंचवीस-तीस हजारांत दोन्ही मिळतं. त्यावर पितळ नसेल, पण जे आहे ते खरं असेल. उरलेल्या पैशांत एक चांगला एलईडी दिवा घे, न लुकलुकणारा, आणि तो पप्पांच्या डाव्या बाजूला लाव. या दिव्याने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याच बॉडीने पडणार नाही. आणि हे सगळं करूनही चकत्यांचाच कॅमेरा हवासा वाटला, तर घे, पण घेण्याआधी दुकानात उभा राहून प्रत्येक चकतीला एकच प्रश्न विचार: तू सांगतेस तेच कॅमेरा करतो का, नेहमी? जिचं उत्तर 'कधीकधी' येईल तिच्यासाठी पैसे मोजू नकोस.

तो थोडा हिरमुसला. "तू नाही घेतलास?" म्हणाला.

घेतला. आणि विकलेलाही नाही, हे सांगायला हवं, नाहीतर हा लेखही एक सोंग होईल. पण एक केलंय. खिट्टी 'एम'वर नेली आणि तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. आयएसओही हातानेच. आता शटरची चकती जे म्हणते तेच होतं. उजेड चुकला तर मी चुकलो. पहिले दोन आठवडे अर्धे फोटो वाया गेले. तिसऱ्या आठवड्यात बोटं शिकली.

चिकटपट्टी लावलेला कॅमेरा घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पट्टी नखाने खरवडून बघितली, १२५ लावलं, बटण दाबलं, ऐकलं.

"आता झाला कॅमेरा," ते म्हणाले. "पण पावणेदोन लाखांच्या वस्तूला पट्टी तुला लावावी लागली ना?"

मामेभावाचा परवा मेसेज आला. दिवा घेतलाय, आणि पप्पा उद्या एका छोट्या मूर्तीवर हात चालतो का ते बघणार आहेत. शनिवारच्या गाडीने मी पेणला चाललोय. दोघांनी मिळून काढायचं ठरलंय, तो फोनवर आणि मी याच्यावर. कोणाचा फोटो फ्रेममध्ये जातो ते मामी ठरवेल.